लहान मोटारीचा अपुरा हिशेब

लातूर-नांदेडकडील कितीतरी शिक्षक-कारकुनांच्या दारी पहिली मोटार आली ती मारुती ८००. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता तिच्या जागी दुसरी घ्यावयाची, तर सारी चर्चा किंमत आणि ‘ॲव्हरेज’ यांपाशीच संपते. अहमदपूर-लोहामार्गे उसाच्या ट्रॉल्या चुकवीत जाणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब पुरेसा नाही. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले, अल्टो के-१० ला २०२३ मध्ये दोनच. (२०२५ साली तिला सहा एअरबॅगा आल्या, तेव्हा जुन्या निकालावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.) सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला. वाचलेला पैसा सीटकव्हर आणि स्पीकरवर उधळणारे गृहस्थ मागे बसलेल्या मुलांना पट्टा लावावयास मात्र विसरतात.