पार्किंगमध्ये एक प्लग पॉइंट द्या

गाडी पळवून बॅटरी मरत नाही, उभी ठेवून मरते. भोसरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी उभी हयात गेली, तरी हे आमच्या कमिटीच्या गळी उतरवणं मला जमलेलं नाही.

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत माझी कॅम्पर असते. फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली. मागे दोन बाक, ओटा, छोटा फ्रिज. बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, दुसरी फ्रिज, दिवे, पंख्याची. दिवाळी आणि मे महिना सोडला तर मुक्काम पार्किंगमध्ये.

किल्ली काढली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, जीपीएस थोडा थोडा करंट खातच असतात. 50 मिलिअँपिअर धरा. दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. 70ची बॅटरी महिन्याभरात निम्मी उतरते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असताना मीटरवर 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसतात, 12.2 दिसले की ती अर्ध्यावर आली. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढे ती चार्ज धरत नाही. पुण्याचा एप्रिल तर हे काम आणखी लवकर उरकतो.

‘रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा ना,’ असं शेजारचे काका सांगतात. सेल्फ मारताना गेलेला चार्जच जेमतेम भरून निघतो, आणि बेसमेंटमध्ये धूर कोंडतो तो वेगळाच. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवणं बरं, पण त्यानं जीपीएस आणि अलार्मही बंद. सोलर पॅनेल? आमच्या डोक्यावर सात मजले आहेत.

खरा उपाय म्हणजे फ्लोटवर जाणारा चार्जर. आधी 14.4 व्होल्टपर्यंत नेतो, मग साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो. साधा, कटऑफ नसलेला चार्जर लावून विसरलात तर बॅटरीतलं पाणी आटतं. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर तिला तिचाच चार्जर हवा. आणि ती काठोकाठ भरून ठेवू नये, निम्मी भरून सोडवून ठेवलेली बरी.

कमिटीचं उत्तर ठरलेलं: ‘कॉमन मीटरवर चालणार नाही.’ फ्लोटवरचा चार्जर सरासरी 10 वॅट खातो असं भरभक्कम धरलं तरी महिन्याला सात युनिटं होतात. गेटवरच्या कारंज्याचे रंगीत दिवे रात्रभर चालू असतात, त्यांचा हिशेब कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. मला फुकट वीज नकोच. सबमीटर लावा, बिल द्या. हा प्रश्न एकट्या कॅम्परचा नाहीच. मुलं परदेशी, आई-बाबा दुपारची रिक्षा करणारे, अशा किती घरांच्या गाड्या कव्हरखाली उभ्या आहेत ते आमच्याच पार्किंगमध्ये बघावं.

राज्यानं 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात मुक्कामाच्या जागी वीज, पाणी, सांडपाणी यांचा विचार आहे. तो हवाच, पण पुण्यातली गाडी वर्षातले बहुतेक दिवस काढते बिल्डिंगखालीच, आणि तिथं सत्ता कमिटीची.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते. ज्याला हवा त्याला स्वखर्चानं प्लग पॉइंट आणि सबमीटर, वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, असा ठराव मी लेखी दिला आहे. पोच घेतली आहे.