रोप नको, रसशाळा हवी

पूर्वपक्ष असा मांडला जातो की, अ‍ॅरोनिया या काळ्या, तुरट फळात अँथोसायनिन नावाचे जांभळे रंगद्रव्य मुबलक असते, पोलंडने त्याच्या लागवडीत जगात पहिले स्थान मिळविले आहे, आणि ज्याअर्थी संत्रेही कधीकाळी बाहेरून येऊन वरूड-मोर्शीच्या मातीत रुजले, त्याअर्थी कपाशीच्या भावाने हवालदिल झालेल्या वऱ्हाडी कास्तकाराने हे झुडूप आपल्या वावरात लावण्यास हरकत नसावी. यातील पहिली दोन विधाने मला सर्वस्वी मान्य आहेत. संत्र्याच्या दाखल्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र कास्तकाराच्या पदरचा पैसा बुडविणारा असल्यामुळे त्याचे खंडन करणे मी कर्तव्य समजतो.

संत्र्याच्या मृग बहरासाठी बागाईतदार उन्हाळ्यात पाणी तोडून झाडास ताण देतो आणि तेवढ्यावर पाऊस पडताच झाड फुलते. कडाक्याच्या थंडीवाचून त्याचे काहीच अडत नाही. अ‍ॅरोनिया हे उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागातील ओलसर रानांतले, सफरचंदाच्या कुळातील झुडूप असून, पाने गाळून शेकडो तासांचा गारठा अंगावर घेतल्याशिवाय त्याची कळी नीट उमलत नाही. रशियातील मिचुरिनसारख्या फळशास्त्रज्ञाने त्यास जवळ केले ते त्याच्या या हिमसहिष्णुतेमुळेच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि चुनखडीयुक्त काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिबडते. किंचित आम्ल जमीन मानवणाऱ्या झुडपाची तेथे धडगत नाही. यावर कोणी चिखलदऱ्याचा हवाला देईल आणि तेथील कॉफीकडे बोट दाखवील, परंतु हा पुरावा उलटच पडतो. कॉफीला हिवाचा कडाका मारक असतो, म्हणून ती जेथे निर्धास्त जगते तेथे अ‍ॅरोनियाची थंडीची भूक भागण्याचा संभव नाही.

आता मंडन. ज्या रंगद्रव्यासाठी हा सारा खटाटोप, ते आपल्या जांभळाच्या सालीत आणि पिकून काळ्याभोर झालेल्या करवंदात आहेच, आणि तुरटपणाही आहे. (या गुणांवरून मधुमेह बरा होतो अशी ग्वाही मात्र कोणी देऊ नये, तेवढा अधिकार कोणत्याच फळास नाही.) करवंदाची काटेरी जाळी हलक्या जमिनीत, पाण्यावाचून, धुऱ्यावर कुंपण म्हणून उभी राहते, कच्चे फळ लोणच्यास, पिकलेले खाण्यास. जांभळाची अडचण खरी आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही: झाड उंच, फांदी ठिसूळ, फळ नेमके पावसाच्या तोंडावर पिकते आणि दोन-तीन दिवसांत नासते, त्यामुळे बाजारातील हर्रासात विकणाऱ्याला मिळेल त्या भावाला मान तुकवावी लागते.

पण पोलंडची खरी शिकवण येथेच आहे. तेथेही अ‍ॅरोनियाचे ताजे फळ आवडीने खाणारे थोडेच. बहुतेक पीक कारखान्यात जाते, त्याचा रस आणि अर्क निघतो, आणि तो सफरचंदाच्या गोड रसात मिसळला जातो. नासणारे, जिभेला तुरट लागणारे फळ विकण्याजोगे झाले ते या व्यवस्थेने. अनुकरण करावयाचेच तर या व्यवस्थेचे करावे. हंगामाच्या त्या मोजक्या आठवड्यांत परतवाडा किंवा धारणीसारख्या ठिकाणी गर काढण्याचे यंत्र आणि शीतगृह यांची तजवीज झाली, तर मेळघाटात रानची फळे वेचणाऱ्या कोरकू कुटुंबालाही रोजच्या रोज रोख मोबदला मिळेल, आणि सरबत, सिरका, वाळविलेला गर हे पदार्थ वर्षभर विकता येतील.

वाणांचे कामही अशक्य नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जांभळाचा ‘कोकण बहाडोली’ आणि करवंदाचा ‘कोकण बोल्ड’ हे वाण दिले. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या आणि पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने वऱ्हाडच्या नाल्याकाठची मोठ्या गराची, लहान बीची जांभळाची झाडे हेरून त्यांची बुटकी राखता येणारी कलमे कास्तकारास पुरवावीत, आणि परदेशी रोपांवर खर्च होऊ पाहणारा पैसा प्रथम या कामाकडे वळवावा.