शर्यतीतील जोडीची पारख आणि गोव्यापुढचा प्रश्न

कुंभारवाडा (ता. जोयडा) : काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील हे गाव बैलांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध नाही. तरीही शर्यतींचा कायदा समजून घ्यायचा तर ते सोयीचे ठिकाण आहे. येथील बैलजोडी कर्नाटकात कुठे शर्यतीत उतरली, तर तिला त्या राज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळते. तीच जोडी अनमोडचा घाट उतरून मोलेला आली की ते संरक्षण संपते. जोडी तीच, तिचा वेग तोच, तिला हाकणारा माणूसही तोच. बदलतो तो केवळ सीमेवरचा फलक. धिरयोंना कायदेशीर मान्यता द्यावी ही मागणी २०२५च्या पावसाळी अधिवेशनात गोव्याच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून केली आणि सरकारनेही विचार करण्याची तयारी दाखवली. त्या पार्श्वभूमीवर हा फरक नेमका कशामुळे पडला, हे गोमंतकीय वाचकाने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. ती तामिळनाडू आणि महाराष्ट्रापुरती नव्हती. देशात अन्यत्र कुठेही बैलांचा असा वापर करता येणार नाही, असे त्या निकालात स्पष्ट होते. पुढे २०१७ मध्ये तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तीन राज्यांनी १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तीस राष्ट्रपतींची संमती मिळवली. महाराष्ट्रातील शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कर्नाटकाच्या दुरुस्तीत कंबळाबरोबर बैलांच्या व बैलगाड्यांच्या शर्यतींचाही समावेश असल्याने तिचा लाभ जोयड्यासारख्या डोंगरी तालुक्यालाही मिळतो. गोव्याने असा कोणताही कायदा केलेला नाही.

पारख कशाची?

शर्यतीच्या मैदानावर सकाळपासून जमलेला जाणकार प्रेक्षक दावेदारांची पारख करतो, ती केवळ अंदाजावर नव्हे. पुणे जिल्ह्यातील घाटांत गाडे एकामागून एक, एकेकटे सुटतात आणि निकाल सेकंदांवर ठरतो. गाड्यापुढे घोडी धावते. तेथे जाणकार पाहतो तो चढ किती, धावपट्टी कोरडी की ओलसर आणि गाड्याची बारी कितवी. अनेक गाडे पळून गेल्यावर माती मोकळी होते. सकाळच्या बारीतील वेळ आणि दुपारच्या बारीतील वेळ यांची सरळ तुलना करता येत नाही. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत गट, उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या होतात. तेथे पहिल्या फेरीत सर्वात वेगवान ठरलेल्या जोडीपेक्षा तिसऱ्या फेरीपर्यंत दम राखणारी जोडी मोलाची ठरते. दोन बैलांपैकी एक कितीही चपळ असला, तरी दुसऱ्याचे पाऊल त्याच्याशी जुळत नसेल तर गाडी तिरकी ओढली जाते. म्हणून जुना शेतकरी आधी बैल पाहत नाही, जोड पाहतो.

दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांतील कंबळाचे गणित आणखी वेगळे आहे. चिखलपाण्याने भरलेल्या दोन समांतर धावपट्ट्यांवर रेड्यांच्या जोड्या धावतात. दोर धरून, नांगराच्या साहाय्याने किंवा फळीवर उभे राहून धावण्याचे स्वतंत्र गट असतात. ‘कने हलगे’ या प्रकारात तर वेग दुय्यम ठरतो. फळीच्या छिद्रांतून उडणारे पाणी साडेसहा किंवा साडेसात कोलू उंचीवर बांधलेल्या निशाणाला भिजवते की नाही, यावर यश ठरते. एकच धावक दिवसभरात अनेक मालकांच्या जोड्या पळवतो. त्यामुळे रात्र उलटून गेल्यावर होणाऱ्या अंतिम फेरीत रेड्यांइतकाच धावकाचा थकवाही निर्णायक ठरतो.

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचे उदाहरण २०२० मध्ये साऱ्या देशाने पाहिले. ऐकळ येथील कंबळात श्रीनिवास गौडा यांनी १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापले. कुणीतरी त्रैराशिक मांडून शंभर मीटरसाठी ९.५५ सेकंद असा हिशेब काढला आणि उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमाशी त्याची तुलना सुरू झाली. क्रीडा प्राधिकरणाने चाचणीचे निमंत्रणही दिले. गौडा यांनी मात्र धावपट्टी आणि चिखल यांतला फरक सांगून नम्रपणे नकार दिला. ज्याच्या हातातील दोर धावत्या रेड्यांना जोडलेला आहे, त्याचा वेग एकट्याचा नसतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. दावेदार पारखण्याचा पहिला धडा हाच की परिस्थिती वेगळी असेल तर वेळ हा पुरावा ठरत नाही.

भाराचा आणि अडथळ्याचा हिशेब

अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींत हा हिशेब कागदावर मांडला जातो. इंग्लंडमधील ॲन्ट्री येथील ग्रँड नॅशनल ही त्यांतील सर्वात प्रसिद्ध. सुमारे सात किलोमीटर अंतर आणि तीस अडथळे. तेथे बलवान घोड्यावर अधिक भार ठेवला जातो, म्हणजे सर्वांना संधी समान राहते. २०२४ मध्ये जिंकलेल्या ‘आय अॅम मॅक्सिमस’ला २०२५ मध्ये सर्वाधिक, सुमारे ७५ किलो भार वाहावा लागला आणि तो ‘निक रॉकेट’च्या मागे दुसरा आला. दोन्ही घोडे विली मलिन्स या एकाच प्रशिक्षकाचे होते. अशा शर्यतीत दावेदार पाहताना चार गोष्टी पाहतात : भार, मैदानाचा ओलावा, लांब पल्ल्याचा दम आणि उडीतील सफाई. सपाट धावपट्टीवर वेगवान असणारा घोडा येथे पहिल्याच अडथळ्याशी अडखळू शकतो.

याच शर्यतीवर प्राण्यांच्या मृत्यूंवरून सातत्याने टीका होत आली. २०२३ मध्ये निदर्शकांमुळे तिला उशीर झाला आणि त्या दिवशी एक घोडा दगावलाही. त्यानंतर आयोजकांनी २०२४ साठी नियम बदलले. धावणाऱ्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, जेणेकरून घोडे तेथे भरधाव पोहोचू नयेत, आणि एका अडथळ्याची उंची कमी केली. धोका त्यामुळे संपला नाही. २०२५ मध्येही एक घोडा शर्यतीत कोसळून नंतर दगावला. परंतु कोणता धोका कशामुळे उद्भवतो हे मोजले गेले आणि मोजले म्हणूनच नियम बदलता आले.

भारतीय कायद्यानेही याच मुद्द्यावर घोड्यांच्या शर्यतीला वेगळे स्थान दिले. जानेवारी १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याचे वंशवृत्त, प्रशिक्षण, स्वार आणि पूर्वीची कामगिरी यांचा अभ्यास करून दावेदार निवडता येतो, केवळ दैवावर हवाला ठेवावा लागत नाही, असा त्यामागील विचार होता. योगायोग असा की त्याच १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धिरयोंवर बंदी घातली.

गोव्यापुढचा प्रश्न

धिरयोंच्या समर्थकांचा युक्तिवाद सोपा आहे : शेजारच्या राज्यांत बैल आणि रेडे धावतात, मग गोव्यात ते का झुंजू नयेत? त्यामागे भावना आहे, शेतकरी कुटुंबांची मेहनत आहे आणि सासष्टीपासून अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हौसही आहे. परंतु शर्यत आणि झुंज यांत कायद्याने केलेला फरक वरवरचा नाही. मूळ केंद्रीय कायद्यात प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजण्यास चिथावणे आणि अशा झुंजीसाठी जागा चालवणे, हे दोन्ही स्वतंत्रपणे गुन्हे ठरवलेले आहेत. २०२३ च्या घटनापीठाने दुरुस्त्या मान्य केल्या, त्या नियमांमुळे प्राण्यांच्या वेदना बऱ्याच अंशी कमी होतात हे पटल्यावर. महाराष्ट्राच्या नियमांत धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी, चाबूक आणि विजेचा धक्का वापरता येणार नाही, अशा अटी आहेत. त्या मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे बदलाचे गांभीर्य कळते.

झुंजीत अशी अट नेमकी कुठे घालायची? शर्यतीचा निकाल अंतर आणि वेळ ठरवतात. चाबूक वगळला तरी निकाल लागतो. झुंजीचा निकाल एका बैलाने पाठ फिरवल्यावर किंवा तो जखमी झाल्यावर लागतो. शिंगांचा आघात वगळला तर झुंजच उरत नाही. धिरयोला मान्यता देणारा कायदा विधानसभा करू शकेल, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवूही शकेल. मात्र त्याला आव्हान मिळाल्यास तो शेजाऱ्यांच्या कायद्यांच्या आधारावर टिकेल, असे गृहीत धरणे म्हणजे सपाट धावपट्टीवरची वेळ पाहून अडथळ्यांच्या शर्यतीत घोडा निवडण्यासारखे आहे.

दुसरीकडे, बंदीमुळे धिरयो थांबल्या आहेत असे मानणेही भोळेपणाचे ठरेल. त्या चोरून होतात, समाजमाध्यमांतून त्यांची दृश्ये फिरतात आणि पैजाही लागतात. तेथे पशुवैद्यक नसतो, प्रेक्षकांना आडोसा देणारे कुंपण नसते आणि अपघात झाल्यास जबाबदारी घेणारा कुणी नसतो. अंमलबजावणी नसलेल्या बंदीची किंमत बैल आणि माणूस दोघेही मोजतात.

सरकारला खरोखर पशुपालकांची परंपरा जपायची असेल, तर तुलनेने सुरक्षित वाट उपलब्ध आहे. शेजारच्या दोन्ही राज्यांप्रमाणे धावण्याच्या शर्यतींपुरती दुरुस्ती, तिच्यासोबतच स्पष्ट नियमावली, आणि गोव्याचा स्थानिक गोवंश म्हणून नोंद झालेल्या श्वेत कपिलाच्या संगोपनाला त्यातून आधार. नियमांवाचून केलेली घाई काय करते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २०१७ चा कायदा झाला, पण नियम तयार नसल्याने उच्च न्यायालयाने तेव्हा शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली होती. मतदारसंघातील टाळ्यांसाठी धिरयोचे आश्वासन देणे सोपे आहे. ते न्यायालयात टिकले नाही, तर बैल पाळणाऱ्याच्या पदरी पुन्हा एकदा निराशाच येईल, आणि ज्या शर्यती नियमांत बसू शकल्या असत्या, त्याही त्या वादात अडकून पडतील. जोडी पारखताना जाणकार जी सावधगिरी बाळगतो, तीच कायदा करताना आमदारांनी बाळगावी, एवढीच अपेक्षा.