मांजर-कुत्र्यांचा पाऊस आणि आपली नक्षत्रे

इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा सांगण्याची हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून फार बळावली आहे. मुसळधार पावसाला इंग्रज माणूस मांजरे-कुत्री का म्हणतो, याचा खुलासा बेळगावातील शाळकरी मुलाच्याही जिभेवर तयार असतो : जुन्या इंग्लंडात छपरे गवताची असत, मुकी जनावरे उबेला त्यांत निजत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत! कथा गोड आहे. तिला आधार मात्र कसलाही नाही. १९९९ च्या सुमारास ईमेलवरून फिरलेल्या एका थट्टेखोर मजकुराने ती जगभर पोहोचवली. ही कल्पना सतराव्या शतकाच्या मध्यापासून छापील इंग्रजीत आढळते, १७३८ साली स्विफ्टने ती जवळजवळ आजच्याच रूपात वापरली. पण तिचे मूळ इंग्रज कोशकारही छातीठोकपणे सांगत नाहीत. जे इंग्रजाला ठाऊक नाही, ते आपण मुलांना ज्ञान म्हणून पाजतो.

'इंडियन समर'ची कथा याहून बोलकी. तो आपला वैशाखवणवा, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः तो उत्तर अमेरिकेतील शरद ऋतूच्या अखेरचा उबदार काळ. तेथील लेखनात तो १७७८ पासून दिसतो आणि त्यातला 'इंडियन' हा त्या खंडाचा मूळ रहिवासी आहे. 'रेनी डे'साठी पैसा राखून ठेवा, हा उपदेशही आपण शब्दशः मराठीत आणतो. पाऊस म्हणजे अडचण, हा इंग्लंडातला अनुभव. आपल्याकडे आपत्ती येते ती पाऊस न आल्याने. आपल्या बायका पावसाळ्याची बेगमी करीत, ती पाऊस येणार या भरवशावर!

माझे भांडण इंग्रजीशी नाही. परक्याच्या आभाळाविषयी इतकी उत्सुकता असलेल्या माणसाला स्वतःच्या आभाळाचा अर्थ विचारावा, तर तो गप्प होतो, याच्याशी आहे. 'दुष्काळात तेरावा महिना' आपण रोज बोलतो. हा तेरावा महिना कोणता? चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरावा लागतो. कणगी रिती झालेल्या वर्षी पंचांगाने आणखी एक महिना वाढून ठेवावा, ही त्या वाक्प्रचारातली वेदना. त्यात गणित आहे आणि भूकही आहे.

चांद्र महिने असे मागेपुढे सरकतात म्हणूनच आपल्या शेतकऱ्याने पाऊस आषाढ-श्रावणाला न बांधता सूर्याच्या नक्षत्रांना बांधला. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' यात स्वातीच्या थेंबाचा शिंपल्यात मोती होतो हा जुना संस्कृत संकेत आहे. पण निपाणीकडच्या शेतकऱ्याचे मोती म्हणजे शाळूचे टपोरे दाणे. ऑक्टोबरच्या अखेरीस पडणारी ती एखादी सर शाळूला तारते. खानापूरच्या भातकऱ्याची नक्षत्रांकडून अपेक्षा आणखी वेगळी.

आपल्याकडेही शब्दांचे गोड घोटाळे आहेतच. हस्त म्हणजे हात. लोकांनी त्याचा हत्ती केला, त्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हटले आणि हादग्याला मुलींनी हत्तीच्या चित्राभोवती फेर धरला. हा घोटाळा मला प्रिय आहे. पण तो घोटाळा आहे हे ठाऊक असूनच.

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्या व्यासपीठांवरून ही नक्षत्रे 'अस्सल मराठी ठेवा' म्हणून मिरवली जातात. पलीकडच्या शिवारातला कन्नड शेतकरीही मृग, आर्द्रा, मघा, स्वाती याच नावांनी पाऊस मोजतो. पूर्वाला तो हुब्बी म्हणतो एवढेच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची रेघ जमिनीवर पडली, आभाळावर नव्हे. आपल्या भाषेच्या न्याय्य हक्कासाठी आपण आजवर झगडलो, पुढेही झगडू. पण त्यासाठी सामायिक धनावर एकट्याचे नाव चढविण्याची गरज नाही. खोट्या व्युत्पत्तीने इंग्रजी मोठी होत नाही, तशी मराठीही होत नाही.

कोणी म्हणेल, आता कूपनलिका आहेत, हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो. ही नक्षत्रे हवीत कशाला? अंदाज उद्याचा पाऊस सांगतो. म्हण सांगते ती त्या पावसावर कोणाचे काय अवलंबून होते ते. ती जाणणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे.

तेव्हा आपल्या मंडळाने पुढील चार अंक तरी एवढे करावे : बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागांतून पावसाच्या म्हणी गावाच्या, नक्षत्राच्या आणि पिकाच्या नोंदीसह छापाव्यात, शेजारी कन्नड म्हणही द्यावी. जिथे मूळ कळत नाही तिथे 'मूळ अज्ञात' असे निःसंकोच लिहावे. इंग्रज कोशकारांकडून घेण्याजोगी गोष्ट ती एवढीच. मांजर-कुत्री त्यांची त्यांना लखलाभ असोत.