मेलेला संगणक कोणी ओढायचा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या प्रणालीची नियमित मोफत सेवा थांबवली. पुढची प्रणाली अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे कार्यालयांतून, शाळांतून, घराघरांतून चालू स्थितीतले संगणक भंगारात निघत आहेत. भंगारवाला येतो, वजनावर पैसे मोजतो आणि आपण मोकळे होतो. पण ते यंत्र पुढे कोणाच्या हातात पडते, हा प्रश्न आंबेडकरी समाजाने तरी विचारलाच पाहिजे.

मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी आणि दिल्लीत सीलमपूर येथील गाळ्यांत हे संगणक फुटतात. तांबे मिळावे म्हणून वायरी जाळतात, सोने मिळावे म्हणून सर्किटच्या पट्ट्या तेजाबात बुडवतात. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत शिसे, सपाट पडद्यांच्या जुन्या दिव्यांत पारा आणि वायरी जाळल्या की धुरात डायॉक्सिन! शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते, हे वैद्यकशास्त्र सांगते. आणि हे काम करणारे हात कोणाचे? बहुतांशी दलितांचे, गरीब मुसलमानांचे, गाव सोडून आलेल्या मजुरांचे.

एके काळी गावात ढोर मेले की निरोप महारवाड्यात यायचा. 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याची हाक दिली आणि आमच्या बापजाद्यांनी उपाशी राहूनही ती पाळली. आज ढोराच्या जागी संगणक आला. ढोर बदलले, ओढणारे मात्र तेच राहिले. याला प्रगती म्हणायचे काय?

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. वर्षभरात हजार वा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून विकणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यावा, असे बंधन त्यात आहे. परंतु 2016 च्या नियमांत संगणक सुटे करणाऱ्यांना परवान्याची जी स्वतंत्र जागा होती, ती 2022 च्या नियमांत उरली नाही. मोठ्या भांडवलाच्या कारखान्याला दार उघडे, गाळ्यातल्या कामगाराला बंद! मात्र याच नियमांनी राज्य सरकारवर काही कर्तव्येही टाकली आहेत. या कामगारांची ओळख व नोंदणी करणे, त्यांचे गट उभे करण्यास मदत करणे, त्यांना कौशल्य शिकवणे, त्यांच्या आरोग्यावर व सुरक्षिततेवर लक्ष ठेवणे. ही दया नव्हे, कायद्याने आलेली जबाबदारी आहे. आमच्या किती पुढाऱ्यांनी कामगार खात्याला याचा जाब विचारला?

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या जबाबदारीची. विहाराच्या, मंडळाच्या, वकिलाच्या संगणकात काय असते? सभासदांच्या याद्या, विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार कार्डांच्या प्रती, अत्याचाराच्या खटल्यांतील साक्षीदारांचे पत्ते. डिलीट केले की फाइलीचा पत्ता पुसतो, फाइल डिस्कवरच राहते आणि जाणकार माणूस ती परत काढतो. बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. मग तीच ओळख डिस्कमध्ये ठेवून बाजारात विकणे कोणत्या नीतीत बसते? म्हणून विकण्याआधी संपूर्ण हार्डडिस्कवर नवी माहिती लिहून जुनी पुसून टाकावी. एसएसडी असेल तर ती पुसण्यासाठी उत्पादक कंपनीने दिलेलीच सोय वापरावी. खात्री नसेल तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी आणि उरलेला संगणक द्यावा.

यंत्र चालत असेल तर ते मारूच नये. लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकली की जुना संगणक विहारातल्या अभ्यासिकेत आणखी काही वर्षे कामी येतो. अगदीच निकामी झाला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा, चार पैसे कमी आले तरी.

पण भंगारवाल्याला टाळले म्हणजे आपण शुद्ध झालो, असे मानणे हाही एक नवा विटाळच आहे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या, प्रामुख्याने दलित, स्त्रियांनी संघटनेच्या बळावर ओळखपत्रे मिळवली. पुढे त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर काम सुरू केले. जे पुण्यात कचऱ्याबाबत घडले, ते कुर्ल्यात आणि धारावीत संगणकाबाबत का घडू नये? चळवळीतील वकिलांनी अर्ज लिहावेत, कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांत जाऊन नावे नोंदवावीत आणि कामगार खात्याच्या दारात बसावे. मेलेला संगणक ओढणाऱ्या हातांना हातमोजा, मजुरी आणि मान मिळत नाही, तोवर महाडची हाक अपुरीच राहणार आहे.