खसखशीएवढं प्रश्नचिन्ह

सकाळचे साडेआठ. एका हातात चहा, समोर दुपारी द्यायची स्टोरी, आणि मोबाइलवर नाव झळकतं: ताई, न्यू जर्सी. तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पूर्वी आम्ही सेल, सिनेमे आणि बॉस या तीन विषयांवर तासन् तास बोलायचो. गेले कित्येक आठवडे एकच विषय आहे. तिला नेमकं झालंय काय?

ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय ३१, सॉफ्टवेअर कंपनीत क्यूए लीड, एडिसनला भाड्याचा फ्लॅट, एच-वन-बी व्हिसा, आठवड्यातून चार दिवस जिम. आमच्या खानदानातली सगळ्यात फिट मुलगी!

ऑगस्टच्या शेवटी तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. "खुर्ची बदल," असा फुकटचा सल्ला मी दिला. मुंग्या हळूहळू कमरेपर्यंत चढल्या. सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे धुरकट काच धरल्यासारखं झालं. डोळा फिरवला की दुखायचा. आणि लाल रंग विटका दिसायचा. "उजव्या डोळ्याने बघितलं तर कुर्ता नवा कोरा, डाव्याने बघितलं तर दहादा धुतलेला," ताई म्हणाली. हसत म्हणाली, पण फोन ठेवल्यावर मला चहा गेला नाही.

एमआरआय झाला. मेंदूत काही पांढरे ठिपके, मज्जारज्जूत एक. न्यूरॉलॉजिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या, "मल्टिपल स्क्लेरोसिस असावा असं दिसतंय. पण तुम्ही राहता न्यू जर्सीत. उन्हाळ्यात जंगलात गेला होतात का?"

आणि इथे मी या गोष्टीत येते.

जूनमध्ये मी ताईकडे गेले होते. मॉल नको, मला खरीखुरी अमेरिका बघायचीय असा हट्ट माझाच. म्हणून एका वीकएन्डला आम्ही डेलावेअर वॉटर गॅपला ट्रेकला गेलो. पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवरचं ते जंगल, मधून वाहणारी नदी... सॉलिड जागा! वाटेवर गोचिडींपासून सावध राहा अशी पाटीसुद्धा होती. मी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. मग गुडघाभर गवतात शिरून अजून चाळीस काढले. दोघी शॉर्ट्समध्ये.

अमेरिकेच्या ईशान्य भागात हरणांच्या अंगावरच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. न्यू जर्सी त्याच्या हक्काच्या राज्यांपैकी एक. मे ते जुलैमध्ये जी पिल्लं चावतात ती केवढी असतात माहितेय? खसखशीच्या दाण्याएवढी. चावलेलं कळतही नाही. बऱ्याच जणांच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो, पण सगळ्यांच्या नाही. ताईला चट्टा आठवत नव्हता. पण मांडीच्या मागच्या बाजूला काय आहे हे रोज कोण बघतं?

तर अशी दोन नावं समोर आली.

पहिलं, एमएस. १८६८ साली पॅरिसमध्ये जाँ-मार्तां शार्को या डॉक्टरने त्याचं नीट वर्णन केलं. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. वायरवरचं प्लॅस्टिक कुरतडलं जावं तसं नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि सिग्नल अडखळतात. कधी डोळा, कधी पाय, कधी तोल. बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट. म्हणजे बरोबर आपलं वय! पूर्ण बरा होत नाही.

दुसरं, लाइम. हा जिवाणूंचा संसर्ग. कधीकधी तोही नसांपर्यंत पोहोचतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, हातापायांत कळा येतात, मुंग्या येतात. पण यावर अँटिबायोटिक आहे. नसांपर्यंत पोहोचलेल्या लाइमलाही साधारण दोन ते तीन आठवड्यांचा कोर्स देतात.

आता सांगा, तुम्ही काय निवडाल?

आमच्या घरात तर मतदानच झालं. मावशीने आधी विचारलं, "लाइम म्हणजे लिंबाचा रोग का गं?" गोचिडीचा म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना, गोचीड गाईला लागते, कुत्र्याला लागते, माणसाला काय करणार? मग मी तिला सिंधुदुर्गातल्या माकडतापाची आठवण करून दिली, तोही गोचिडीमुळेच होतो. तेवढं पटल्यावर तिने ताबडतोब पक्ष निवडला. एकवीस दिवसांच्या गोळ्या ना? मग लाइमच असू दे रे बाप्पा, एकवीस मोदक! मामाने बजावलं, काहीही असलं तरी स्थळ बघणाऱ्यांना एवढ्यात सांगू नका. धन्य!

आणि मी? मला रात्री झोप लागत नव्हती. लाइम असेल तर तिला त्या गवतात मी नेलं होतं. तरीही मी मनापासून तेच मागत होते. माझ्यामुळे झालेला आजार असू दे, कारण तो बरा होतो. असली प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. लाइमच्या तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिला पॉझिटिव्ह! फॅमिली ग्रुपवर फटाक्यांच्या इमोजी. कुणाला गंभीर आजाराची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या टप्प्याने सगळ्यांना जमिनीवर आणलं. या टप्प्यात दोन प्रकारच्या अँटिबॉडी बघतात. आयजीएम लवकर तयार होतात, आयजीजी नंतर. ताईच्या रिपोर्टमध्ये आयजीएम होत्या, आयजीजी नव्हत्या. आणि संसर्ग होऊन महिना उलटून गेला असेल तर नुसत्या आयजीएमवर भरवसा ठेवत नाहीत. तो बऱ्याचदा खोटा इशारा असतो. बरं, आयजीजी सापडल्या असत्या तरी प्रश्न सुटला नसता. त्या वर्षानुवर्षं रक्तात राहतात. पूर्वी कधीतरी गोचीड चावली होती एवढंच त्या सांगतात, आजचा धुरकट डोळा तिच्यामुळेच आहे हे सांगत नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही मामला सरळ नाही. अमुक टेस्ट केली आणि एमएस निघाला, असं होत नाही. ठिपके कुठे आहेत, हल्ले किती वेळा झाले, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात काय सापडतं आणि दुसरं काही नाही ना, हे सगळं जुळवून डॉक्टर निष्कर्षाला येतात. त्यासाठीचे निकष २००१ मध्ये ठरले आणि तेव्हापासून अनेकदा सुधारले गेले. ताईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मज्जारज्जूतला ठिपका आणि डोळ्याचं दुखणं, दोन्ही एमएसकडेच जास्त झुकतात. पण कंबरेतून पाणी काढून तपासल्याशिवाय त्या शिक्का मारणार नाहीत.

"जन्मभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधले," ताई म्हणाली, "आता माझाच बग सापडेना." तिने लक्षणांची एक्सेल शीट केलीय. तारीख, वेळ, कुठे, किती वेळ. ते ऐकून मला पॉली मरी आठवली. कनेक्टिकटमधल्या लाइम गावची ही बाई. घरातल्या सगळ्यांना चट्टे, ताप, सुजलेले सांधे, आणि डॉक्टर म्हणायचे तुमच्या मनाचे खेळ. ती वर्षानुवर्षं नोंदी ठेवत राहिली. १९७५ मध्ये तिच्या आणि गावातल्या दुसऱ्या एका आईच्या तक्रारींवरून येल विद्यापीठाचे ॲलन स्टीर तिथे पोहोचले आणि आजाराला गावाचं नाव मिळालं. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात तो जिवाणू सापडला.

ही गोष्ट मी ताईला मोठ्या उत्साहाने सांगितली. बघ, डॉक्टरही चुकतात! त्याच उत्साहात एका खासगी क्लिनिकची माहितीही पाठवली. तिथे रक्ताच्या रिपोर्टवर फार न अडकता महिनोन् महिने शिरेतून अँटिबायोटिक देतात. "एमएस म्हणून सांगितलेलं खरं तर लाइमच असतं," असा त्यांचा फंडा.

ताईने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग फोन आला.

"तू पत्रकार ना गं? मग वाचलंस का काही?"

नव्हतं वाचलं. मला हवं होतं तेवढंच वाचलं होतं. मग बसून वाचलं. लाइमनंतर त्रास रेंगाळलेल्या रुग्णांना ९० दिवस अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तेव्हा खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही, असा अभ्यास २००१ मध्येच प्रसिद्ध झालाय. अशा लांबलचक उपचारांमधून झालेल्या गंभीर संसर्गांची नोंद अमेरिकेच्या सीडीसीने २०१७ मध्ये केली. आणि मुख्य म्हणजे, खरोखर एमएस असेल तर ते महिने वाया गेले. १९९३ मध्ये अमेरिकेत एमएसचं हल्ले कमी करणारं पहिलं औषध मंजूर झालं; आज अशी वीसएक आहेत. ती लवकर सुरू केली तर पुढचं नुकसान रोखता येतं. हॉलिवूडची सेल्मा ब्लेअर २०१८ पासून एमएसबद्दल उघडपणे बोलतेय. अव्हरील लव्हीनने २०१५ मध्ये लाइमबद्दल सांगितलं होतं, आणि 'बरा होणारा' तो आजारही तिला महिनोन् महिने अंथरुणात ठेवून गेला होता. आम्ही घरबसल्या एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट ठरवून टाकलं होतं.

"तुम्हाला सगळ्यांना मला लाइम व्हायला हवाय," ताई म्हणाली. "मलाही हवाय. पण मला आवडतं म्हणून ते खरं होणार नाही. आणि त्या गवताचं ओझं तू डोक्यावरून उतरव. लाइम निघाला तर गोळ्या खाईन. एमएस निघाला तर तुझा काही संबंधच नाही. दोन्हीकडून तू सुटलीस."

मी ढसाढसा रडले. धीर कुणी कुणाला द्यायचा होता?

तिचं टेन्शन वेगळंच आहे. इन्शुरन्स नोकरीला बांधलेला, व्हिसाही नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर हातात ६० दिवस. ऑफिसात सांगायचं तर काय सांगायचं? "मला काहीतरी झालंय, काय ते ठरायचंय"? आपल्या जगात प्रत्येक गोष्टीला डेडलाइन असते, स्टेटस असतं. 'माहीत नाही' हे स्टेटस कुठल्याच शीटमध्ये बसत नाही. शेवटी तिने मॅनेजरला एवढंच सांगितलं की तपासण्या चालू आहेत, गुरुवारी रजा हवी. तो म्हणाला, घे. बस्स.

तुमच्यापैकी कुणी असं दोन नावांच्या मधे लटकलेलं असेल, तर ताईच्या शीटवर सगळ्यात वर लिहिलेले तीन प्रश्न उसने घ्या. डॉक्टरांना विचारायचे: हेच असावं असं तुम्हाला कशामुळे वाटतं? ते चूक ठरवेल अशी कोणती तपासणी राहिलीय? आणि थांबलो तर नुकसान किती? आणि तुम्ही माझ्यासारखे बाजूला उभे असाल, तर लिंक पाठवण्याआधी स्वतः वाचा. पूर्ण वाचा.

गेल्या गुरुवारी कंबरेतून पाणी काढलं. रिपोर्ट यायला अजून काही दिवस आहेत. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर आम्हाला कदाचित कळलेलंही असेल. मावशीने मोदकांचा नवस बदललाय. आता म्हणते, काय असेल ते लवकर कळू दे.

काल सकाळी साडेआठला फोनऐवजी फोटो आला. तोच लाल कुर्ता, दाराला अडकवलेला. खाली ताईची एक ओळ: "आज डाव्या डोळ्यालाही बराचसा लाल दिसतोय."

डॉक्टर म्हणतात, डोळा बऱ्याचदा सुधारतो, त्यावरून आजाराचं नाव कळत नाही. नसू दे. मी तो फोटो झूम करून बराच वेळ बघत बसले.