जवळच्या वाटेसाठी सायकल

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून साऱ्या देशात ओळखले जाई. ही ओळख कोणी ठराव करून मिळविलेली नव्हती. गावाची वस्ती आटोपशीर होती, जमीन बहुतांशी सपाट होती, हवा सौम्य होती आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे दुसरे वाहन नव्हते. या चार गोष्टी एकत्र आल्या आणि सारे गाव सायकलीवर बसले! सकाळी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे कामगारांची रीघ लागे. तीच गोष्ट कचेऱ्यांकडे जाणाऱ्या कारकुनांची आणि महाविद्यालयांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची. साडी नेसलेल्या स्त्रियाही निःसंकोचपणे सायकलीवरून जात, याचे परगावच्या पाहुण्यांस मोठे नवल वाटे. रात्री सायकलीला दिवा नसला किंवा एका सायकलीवर दोघे बसलेले आढळले, तर चौकातील शिपाई अडवीत असे आणि प्रसंगी चाकांतील हवाही सोडून देत असे. ज्यांच्यापाशी स्वतःची सायकल नसे ते तासाच्या बोलीने ती भाड्याने आणीत. सायकलीला लहान वाहन समजण्याची तेव्हा रीत नव्हती. पुढे लोखंडी नांगरांसाठी ज्यांचे नाव घराघरांत पोहोचले, त्या किर्लोस्करांच्या उद्योगाचा प्रारंभदेखील बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला होता.

मग स्कूटर आली. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ मध्ये ‘चेतक’ बाहेर पडली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहू लागले. त्या वाट पाहण्याला आज कोणी हसू नये. उन्हातान्हात पायडल मारून दमलेल्या गृहस्थाला, आपली पत्नी व मुले यांना एकाच वाहनावर बसवून देवदर्शनाला नेता येऊ लागले, यातील आनंद खराच होता. शहरही दूरवर पसरत चालले होते. तेव्हा स्कूटर घेतली हे चुकले असे मला म्हणावयाचे नाही. चुकले ते पुढे. दहा किलोमीटरांवरच्या कारखान्यासाठी घेतलेले वाहन कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणावयासही बाहेर निघू लागले. स्कूटरच्या जागी मोटार आली, आणि चार माणसांसाठी केलेल्या त्या मोटारीतून बहुधा एकच माणूस जाऊ लागला.

या एका माणसाच्या प्रवासाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, त्याची कचेरी घरापासून पाच किलोमीटरांवर आहे. जाऊन येऊन दहा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला तीन हजार किलोमीटर झाले. त्याची मोटार एका लिटरमध्ये पंधरा किलोमीटर चालते असे धरले, तर वर्षाला दोनशे लिटर पेट्रोल लागेल. पन्नास किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला साठ लिटर. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हवेत जातो. एका लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असताना त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघतो, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, जळताना ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्या प्राणवायूचे वजन त्यात मिळते. दोनशे लिटरांचा वायू साडेचारशे किलोंवर जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यामुळेच आपण तो निमूटपणे चालवून घेतो.

आता हे पेट्रोल कशाच्या कामी आले ते पाहा. मोटारीच्या यंत्रात पेट्रोल जळले की त्यातील शक्तीचा सुमारे चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जी पोहोचते ती ओढते कोणाला? मोटारीचे वजन हजार किलोंच्या घरात, आत बसलेल्या माणसाचे साठसत्तर किलो. म्हणजे त्या थोडक्या शक्तीतीलही फार मोठा भाग लोखंड इकडून तिकडे नेण्यात खर्ची पडतो. सायकलीचे वजन पंधरावीस किलो असते, आणि पायाचा जोर साखळीवाटे चाकाकडे जाताना फारच थोडा वाया जातो. पाच किलोमीटर सायकल चालविण्यास माणसाला सुमारे एका मध्यम भाकरीइतके अन्न पुरते. तेवढ्याच अंतरासाठी मोटार जे पेट्रोल पिते, त्यात तशा वीस भाकरींची शक्ती असते. वीस भाकरी खाऊन एका माणसाला पाच किलोमीटर नेणारा बैल कोणत्या शेतकऱ्याने दावणीला बांधला असता?

शिवाय या भाकरी आपल्या घरच्या नव्हेत. मुंबईजवळच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ पासून ते काढले जाऊ लागले, ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि आपली गरज त्याहून कितीतरी वेगाने वाढली. आज देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ऐंशीहून अधिक बाहेरून विकत आणावे लागते. दूरच्या देशात युद्ध पेटले की आपल्याकडे भाजीपासून बसच्या तिकिटापर्यंत सर्वांचे भाव हलतात. १९७३ मध्ये असे संकट आले होते. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला व भाव भडकले. त्या भाववाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. बैलगाडीची ती फेरी लोकांच्या लक्षात राहिली. पेट्रोल जपून वापरण्याची गोष्ट मात्र भाव अंगवळणी पडताच मागे पडली.

त्याच संकटाने हॉलंड या छोट्या देशात निराळे घडले, म्हणून ती हकीकत जरा विस्ताराने सांगतो. हॉलंडचे लोक पूर्वीपासूनच सायकली वापरणारे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे सुबत्ता आली आणि तेही मोटारींच्या मागे लागले. रस्ते रुंद करण्यासाठी जुनी घरे पाडली गेली, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शाळेत निघालेले मूल घरी परत येईल याची खात्री नसेल, तर तो रस्ता कसला? १९७२ मध्ये आईबापांनी एक चळवळ उभारली. तिचे नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असे होते. नाव कठोर खरे. पण सौम्य शब्दांनी ज्यांचे कान उघडत नव्हते त्यांच्यासाठी ते होते. माणसे रस्त्यांवर येऊन बसली, वाहतूक अडविली, आणि वस्त्यांतील मोटारींचा वेग कमी करा, सायकलींना वेगळा मार्ग द्या अशी मागणी करू लागली.

इतक्यात तेलाची टंचाई आली. सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली. पहिल्याच रविवारी लोकांनी काय पाहिले? ज्या हमरस्त्यांवर पाऊल ठेवण्याची कोणाची छाती होत नसे, त्यांवर मुले चाकांचे जोडे घालून घसरत होती, घरेच्या घरे सायकली घेऊन निघाली होती, क्वचित घोडागाडीही दिसत होती. ते रविवार थोडेच आठवडे चालले. परंतु मोटारी नसल्या म्हणजे आपले गाव कसे असते, हे लोकांनी एकदा डोळ्यांनी पाहिले होते. त्यानंतर वर्षांमागून वर्षे तेथे सायकलींसाठी स्वतंत्र, अखंड रस्ते बांधले गेले. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. २०१० ते २०२४ या काळात तेथील पंतप्रधान असलेले मार्क रुटे स्वतः सायकलीवरून कचेरीत जात असत, आणि त्याचे तेथे कोणाला विशेष वाटत नसे.

हॉलंड सपाट आहे, तेथे ऊन नाही, आपल्याकडे उन्हाळा कडक, पावसाळा धो धो, असे लगेच म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. पाऊस तेथेही वर्षभर पडतो आणि समोरून येणारा समुद्रावरचा वारा चढावाहून कमी दमवीत नाही. आपल्याकडे सकाळची आणि संध्याकाळची वेळ बहुतेक महिने सुसह्य असते. ज्याचे घर वीस किलोमीटरांवर आहे, जो वृद्ध अथवा आजारी आहे, ज्याला जड ओझे न्यावयाचे आहे, त्याने सायकल चालवावी असा आग्रह कोणी धरणार नाही. त्यांच्यासाठी बस आहे, आगगाडी आहे, आणि मोटारही आहे. प्रश्न आहे तो तीनचार किलोमीटरांच्या वाटेचा. गर्दीच्या रस्त्यावर एवढ्या अंतराला मोटारीला लागणारा वेळ आणि सायकलीला लागणारा वेळ यांत फारसे अंतर उरत नाही. मोटार उभी करण्यास जागा शोधण्याची वेळ धरली, तर कित्येकदा सायकलच आधी पोहोचते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न सुटेल असेही काहींना वाटते. पेट्रोल त्यांनी वाचते हे खरे. परंतु आपली पुष्कळशी वीज अजून कोळशावर तयार होते, आणि विजेची मोटारही रस्त्यावर पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडविते.

खरा अडसर मला दुसराच दिसतो, आणि तो प्रतिष्ठेचा आहे. पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, इमारतीच्या पहाऱ्यावर जाणारा रखवालदार हे आजही सायकलीवरूनच जातात. देशाचे पेट्रोल तेच वाचवितात, पण त्यांचे आभार कोणी मानीत नाही. उलट त्यांच्या मागून भोंगे वाजविले जातात. एखादा अधिकारी महिन्यातून एक दिवस सायकलीवरून कचेरीत गेला की मात्र त्याचे छायाचित्र छापून येते. सायकल ही गरिबाची लाचारी आणि श्रीमंताची हौस समजली जाईल, तोवर मधल्या माणसाला ती आपली वाटावयाची नाही. वास्तविक तिने केवढे काम केले आहे! बिहार राज्याने २००६ पासून माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला, आणि शाळा दूर म्हणून घरी बसणाऱ्या कितीतरी मुली वर्गात येऊन बसल्या. आपल्या राज्यातही खेडोपाडी मुलींना अशा सायकली दिल्या जातात.

नुसत्या उपदेशाने मात्र काही होणार नाही, हेही मोठ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सायकलींसाठी एक विस्तृत आराखडा मंजूर केला. त्याआधीही काही रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले होते. पण असा मार्ग कोठे झाडापाशी संपतो, कोठे विजेच्या खांबापाशी, तर कोठे त्यावर मोटारीच उभ्या असतात. भाड्याच्या सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. अकरा वर्षांच्या मुलीने सायकलीवरून शाळेत जावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी तिच्या वाटेवरचा एक चौक सकाळी साडेसात वाजता स्वतः सायकलीने ओलांडून पाहावा. त्या चौकातील मोटारींपैकी कितीतरी आपापल्या मुलांना शाळेत सोडावयास आलेल्या असतात. रस्ता धोक्याचा म्हणून मोटार काढावयाची आणि मोटारी वाढल्या म्हणून रस्ता अधिक धोक्याचा व्हावयाचा, असे हे रहाटगाडगे आहे. ते कोठेतरी थांबवावयाचे, तर आरंभ शाळेच्या वाटेपासून करणे मला सर्वांत सोपे वाटते. प्रत्येक शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरांत सायकलींना अखंड मार्ग, मोटारींना मंद वेग आणि शाळेच्या आवारात सायकली लावावयास छप्पर, एवढ्याला काही उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही.